मोरोपंतांची कीर्ती आणि लोकरुचीचे चांचल्य

लोकस्तुती टिकाऊ नसते, हे मराठी पंडितकवींना त्यांच्या कथावस्तूतच आढळत होते. महाभारताच्या आदिपर्वात अस्त्रविद्येच्या रंगमंडपात अर्जुनाचा जयघोष करणारा समुदाय कर्ण प्रवेशताच दुभंगतो. सायंकाळी घरी परतताना कोणी अर्जुनाचे, कोणी कर्णाचे, तर कोणी दुर्योधनाचे नाव घेतो. रामकथेतही वनवासास निघालेल्या रामामागे अश्रू ढाळीत जाणारी अयोध्याच पुढे सीतेविषयी कुजबुजते. या दोन्ही महाकथा आर्यांत आणणाऱ्या मोरोपंत पराडकरांच्या (१७२९–१७९४) स्वतःच्या कीर्तीस मरणोत्तर जे चढउतार आले, त्यांचा उलगडा मात्र इतक्या सहजपणे होत नाही.

पन्हाळ्यास जन्मलेले पंत कन्हेरीपासून जवळच असलेल्या बारामतीस येऊन बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले, व तेथेच कऱ्हेच्या काठी त्यांची बहुतेक रचना झाली. ती प्रथम पसरली ती पुराणिक व हरिदास यांच्या मुखाने. पंतांची आर्या शास्त्रदृष्ट्या बहुधा गीती होय. तिच्या दोन्ही अर्धांत १२ आणि १८ अशा मात्रा येतात. एवढ्या अल्प अवकाशात पंत दीर्घ संस्कृत समास कोंबतात, क्रियापद दूर नेऊन ठेवतात, यमक साधतात. वाचकास हे जड वाटते. श्रोत्यास तसे वाटण्याचे कारण नव्हते. पुराणिक आर्या म्हणे, समास फोडी, अन्वय लावी आणि तीच आर्या पुन्हा म्हणे. दुसऱ्या वेळी कानी पडणारी आर्या अर्थासह उतरे. पंतांच्या शैलीत निरूपणकाराची जागा जणू आधीच राखून ठेवलेली असते.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे त्यांचे निरोष्ठ रामायण. पंतांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणे सांगितली जातात. त्यांतील या रामायणात ओष्ठ्य वर्णच वर्ज्य आहेत. मकार ओष्ठ्य असल्यामुळे खुद्द ‘राम’ हे नावही त्यात उच्चारता येत नाही! हाच पराक्रम एका काळी प्रतिभेचा पुरावा ठरला आणि पुढे काव्यशून्यतेचा. दोन्ही वेळा अक्षरे तीच होती.

मुद्रणकलेने प्रथम पंतांची प्रतिष्ठा वाढविली. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीता’त पंतांची कविता आली आणि ती शाळेत पोहोचली. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंगांनी ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ टीका लिहिली. पुराणिकाच्या मुखातले विवरण आता पानावर द्यावे लागू लागले, याची ही खूणच म्हणावी लागेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४–१८८१) पंतांच्या कवितेचा विस्ताराने पुरस्कार केला. ज्याच्या कीर्तीविषयी वादच नाही, त्याच्यासाठी इतके लिहावे लागत नाही. पुढे केशवसुतांपासून (१८६६–१९०५) कवितेकडून स्वानुभवाची अपेक्षा होऊ लागली. त्या मापाने पंत उणे ठरले. ‘केकावली’तील आर्त याचना या मापासही उतरली असती, पण तोवर यमके जुळवणारा कवी ही त्यांची प्रतिमा रूढ झाली होती.

तेव्हा येथे लोकांना केवळ चंचल म्हणणे अन्यायाचे होईल. श्रोते पंतांपासून फिरले नाहीत. आर्या समजावून देणारी व्यवस्थाच विरळ झाली, आणि एकट्या वाचकाच्या हाती अन्वय लावण्याचे काम तेवढे उरले. शाळेत तर त्याचे गुण मिळत असत, आणि रसिकतेस याहून मोठा अपाय क्वचितच होत असेल.

सोलापूरचा राम जोशी तमाशाचा फड सोडून कीर्तनाकडे वळला तो बारामतीस पंतांच्या उपदेशाने, असे परंपरा सांगते. त्या काळी पंतांनी शाहिराची स्तुती करणे हा शाहिराचा गौरव होता. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट महाराष्ट्रभर गाजला, तेव्हा तिकिटाच्या खिडकीपुढे गर्दी जमली ती शाहिराच्या नावाने.