दुष्काळाची ओळख : फॅमिन कोडपासून पैसेवारीपर्यंत

दुष्काळ म्हणजे केवळ अवर्षण नव्हे. शासन ज्यास दुष्काळ म्हणून मान्यता देते, तोच राजकीय व्यवहारात दुष्काळ ठरतो. या मान्यतेची कसोटी कोणती असावी, हा प्रश्न मुंबई इलाख्यात 1876-78 च्या दुष्काळाने तीव्रतेने पुढे आणला. खर्च आवरण्यासाठी 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी केली. पुरुषाच्या वाट्यास दिवसाला एक पौंड धान्य येईल असा हिशेब बसविण्यात आला. दख्खनेतील मजुरांनी यावर सरळ कामे सोडली, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचा पक्ष घेतला.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या 1880 च्या अहवालानंतर 1883 साली नमुना संहिता तयार झाली, व तिच्या आधारे प्रांतोप्रांती 'फॅमिन कोड' निघाले. धान्याच्या भावातील तेजी, पतपुरवठ्याचा संकोच, लोकांचे अनियमित स्थलांतर, गुन्ह्यांची वाढ ही पूर्वचिन्हे मानली गेली. हाती घ्यावयाच्या कामांच्या याद्याही संकटापूर्वीच सिद्ध ठेवावयाच्या होत्या. नियोजनाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होय. तथापि संशय कायम राहिला. 'कसोटीची कामे' उघडावयाची आणि तुटपुंज्या मजुरीवर खडी फोडावयास माणसे येतात की नाही ते पाहावयाचे. म्हणजे रयतेचे गाऱ्हाणे नव्हे, तर तिची झिजलेली काया हाच ग्राह्य पुरावा! 1896-97 मध्ये टिळकांनी 'केसरी'तून व सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव संहितेतील तरतुदी रयतेस समजावून देण्यास आरंभ केला. सरकारचेच नियम लोकांनी वाचावेत, एवढ्यावरून अधिकारी अस्वस्थ झाले. 1897 मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर काळात कसोटीची जागा प्रामुख्याने पीकपाहणीने घेतली. सोळा आण्यांच्या पिकाशी तुलना करणारी आणेवारी दशमान नाण्यांनंतर पैसेवारी झाली, व पन्नास पैशांखालील गावे टंचाईग्रस्त ठरू लागली. 1963 साली तर राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच कायद्याने वगळण्यात आली. शब्द गेला, पुढील दशकातच, 1973 च्या उन्हाळ्यात, राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे राबत होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना दृढ झाली आणि 1977 च्या कायद्याने काम मागणे हा हक्क ठरला. येथे जुनी कसोटी उलटी झाली असे म्हणता येते : मागणी हीच आता शासनावरील जबाबदारी.

पैसेवारीतील मुख्य दोष कालाचा होता. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होते. तोवर गुरे बाजारात गेलेली असतात. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पर्जन्य, मृदेतील ओलावा व उपग्रहाने मोजलेली हिरवाई हे निर्देशक पुढे आणले, आणि त्या निकषांवर 31 ऑक्टोबर 2018 रोजी महाराष्ट्रात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. निर्णय लवकर आला खरा. परंतु जेथे उपग्रहास हिरवळ दिसते, तेथे ती ज्वारीची की बाभळीची, हे सांगावयास अद्याप तलाठ्यालाच शिवारात जावे लागते.