धावत्या गाडीत चढणारी टॉर्ची



आज अमेरिकेतल्या जुन्या सिनेमांमधल्या एका बाईची ओळख करून देते. टॉर्ची ब्लेन तिचं नाव. वर्तमानपत्राची बातमीदार. खून पडला की पोलिसांच्या आधी ही हजर. १९३७ ते १९३९ या काळात वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तिचे नऊ सिनेमे काढले, प्रत्येक जेमतेम तासाभराचा.

हे कमी खर्चाचे सिनेमे होते, आणि त्याला कारण होतं. महामंदीत लोक थिएटरात यावेत म्हणून मालक एका तिकिटात दोन सिनेमे दाखवू लागले. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा जोडीचा. मोठ्या सिनेमाच्या गल्ल्यात कंपनीला टक्केवारी मिळायची, जोडीच्या सिनेमाचं भाडं मात्र ठरलेलं. कितीही गर्दी झाली तरी तेवढंच. मग जास्त खर्च करतंय कोण? आधीचेच सेट वापरायचे, पगारावरचे नट घ्यायचे, चित्रीकरण झटपट उरकायचं. हेरकथा यात चपखल बसायची. एक खून, चार संशयित, दोन-तीन खोल्या, झालं काम. आणि एकदा पात्र आवडलं की लोक पुढच्या भागाला आपणहून यायचे.

मूळ कथा फ्रेडरिक नेबेल या लेखकाच्या. त्यातला बातमीदार पुरुष होता, दारुडा. सिनेमावाल्यांनी त्याच्या जागी बाई आणली. नऊपैकी सात सिनेमांत ग्लेंडा फॅरेल टॉर्ची झाली. काय तिचं ते बोलणं! लाह्या फुटाव्यात तसं. पहिल्याच सिनेमात ती मुलाखतीसाठी टॅक्सीने आगगाडीचा पाठलाग करते आणि धावत्या गाडीत चढते. एकीत विमानाने जगाला फेरी मारते. ती कल्पना डोरोथी किलगॅलन या खऱ्याखुऱ्या महिला बातमीदाराची. तिने स्वतः १९३६ साली असा प्रवास केला होता.

आता हे ज्या काळात घडत होतं तो काळ बघा. मंदीत नोकऱ्या कमी, म्हणून लग्न झालेल्या बाईने नोकरी करणं म्हणजे पुरुषाच्या ताटातलं काढून घेणं, असं लोक उघड बोलत. १९३२ साली कायदाच आला: नवरा-बायको दोघं केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कपातीत दोघांपैकी एकाला आधी काढायचं. गेल्या त्या बहुतेक बायकाच. तो कायदा १९३७ मध्ये रद्द झाला, म्हणजे टॉर्ची पडद्यावर आली त्याच वर्षी.

टॉर्चीचं लग्न पोलीस अधिकारी स्टीव्हशी ठरलेलं आहे, पण ते काही लागत नाही. दर वेळी मध्ये खून येतो. मला वाटतं, यात सिनेमावाल्यांचा हिशेब होता. लग्न लागलं तर टॉर्ची घरात बसणार, आणि मालिका संपणार! १९३९ च्या एका सिनेमात तर ती भ्रष्ट महापौराविरुद्ध लिहिते, निवडणुकीला उभी राहते आणि जिंकतेसुद्धा. आणि मग शेवटी पद सोडून संसाराकडे वळते. सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसलेला आपण पाहिलाय, इथे तर बाईने खुर्चीच सोडली. तासभर बाईला मोकळं रान आणि शेवटच्या दोन मिनिटांत दार बंद. हा शेवट मला पटत नाही. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या लक्षात तो तासही राहिलाच असेल ना?

एका सिनेमात टॉर्चीचं काम लोला लेन या नटीने केलं, शेवटच्यात जेन वायमनने. मग मालिका बंद झाली. पण तिचं बी दुसरीकडे रुजलं होतं. १९३८ मध्ये सुपरमॅनची चित्रकथा सुरू झाली. तिच्यात लोइस लेन नावाची धीट बातमीदार आहे. सुपरमॅनच्या जनकांपैकी एक, जेरी सीगल, यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की लोइसचा स्वभाव टॉर्चीवरून घेतला आणि नाव लोला लेनवरून.

१९९६ साली चित्रकथेत लोइसचं सुपरमॅनशी लग्न लागलं. बातमीदारी तिने सोडली नाही.