हलकी गळमासेमारी: लहान मासे आणि कृत्रिम आमिष

जेमतेम एक-दोन ग्रॅम वजनाचा, शिशाचे डोके असलेला गळ, त्यावर दीड-दोन इंचांचे मऊ प्लॅस्टिकचे आमिष आणि वीतभर माशाचा हिसकाही हाताला जाणवेल अशी लवचिक काठी, एवढ्याच सामग्रीवर ही मासेमारी चालते. जपानमध्ये तिला माशांवरून नावे पडली. 'अजी'वरून 'अजिंग', 'मेबारू'वरून 'मेबारिंग'. ब्रिटनमध्ये हिलाच 'लाइट रॉक फिशिंग' म्हणतात.

सिडनीच्या धक्क्यांवर रात्री दिव्यांच्या उजेडात जमणारा यलोटेल स्कॅड, बोलीभाषेत 'याका', हा जपानी अजीचा सख्खा नातलग. दिसायला तो बांगड्यासारखा असला, तरी त्याचे कुळ वेगळे. आमिष पाण्यात सोडून मनात आकडे मोजावेत, हलकासा झटका द्यावा आणि ते पुन्हा बुडू द्यावे. मासा बहुधा ते खाली जात असतानाच धरतो. त्याचे तोंड नाजूक असल्याने दोर जोराने ओढल्यास गळ फाटून सुटतो.

खरी अडचण ओळखीची आहे. लहान गळाला लहान जातींइतकीच मोठ्या जातींची पिल्लेही लागतात. 'यलोटेल' हे नाव तर किंगफिशलाही लावतात आणि न्यू साउथ वेल्समध्ये 65 सेंटिमीटरपेक्षा लहान किंगफिश ठेवणे गुन्हा आहे. ब्रीमसाठी ही मर्यादा 25 सेंटिमीटर. मोजपट्टी जवळ हवीच. मासा लगेच सोडून देणार असलात, तरी शुल्क भरावे लागते (या राज्यात समुद्रातील हौशी मासेमारीलाही ते 2001 पासून लागू आहे, अठरा वर्षांखालील मुलांना माफ). आपल्याकडील अनेकांना हे पटत नाही, परंतु नियम तसाच आहे.

फॉर्टेस्क्यू हा बोटभर मासा मात्र उघड्या हाताने धरू नये. त्याचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम, पण 45 अंशांपलीकडे नव्हे, अशा पाण्यात बुडवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

नवख्याने धक्क्यावरूनच सुरुवात करावी. उघड्या समुद्राकडील खडकांवर शांत वाटणाऱ्या पाण्यातूनही अचानक मोठी लाट येते, आणि तिथे बुडालेल्यांत स्थलांतरितही बरेच आहेत. 2016 च्या रॉक फिशिंग सेफ्टी कायद्यानुसार धोकादायक घोषित केलेल्या ठिकाणी लाइफ जॅकेट सक्तीचे आहे. घोषित नसलेल्या खडकांवरही ते घालावे आणि एकट्याने जाऊ नये.