कोतो गदांग : मुलींच्या नावाने चालणारं सुमात्रातलं एक छोटं गाव

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर, पश्चिम सुमात्रा प्रांतातल्या आगम जिल्ह्यात कोतो गदांग नावाचं गाव आहे. जवळचं मोठं ठिकाण म्हणजे बुकितिंग्गी, डोंगरावरचं थंड हवेचं शहर. शहर आणि गाव यांच्यामध्ये सियानोक नावाची खोल दरी आहे. अलीकडे शहराचा गजबजाट आणि पलीकडे भातखाचरं, पत्र्याची छपरं, मशीद आणि शांतता. गावाच्या पाठीशी सिंगालांग पर्वत उभा आहे. मरापी हा जागता ज्वालामुखीही तिथून लांब नाही.

गाव एवढंसं. पण इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री हाजी अगुस सलीम इथले. मुलींच्या तालीमसाठी आयुष्य घालवणाऱ्या रोहाना कुद्दूस इथल्या. देशाचे पहिले पंतप्रधान सुतान शहरीर यांचे वालिदही इथलेच. एका गावातून एवढी माणसं कशी निघाली, हा प्रश्न आम्हा शिक्षकांना स्वस्थ बसू देत नाही. त्याचं उत्तर शोधायला गेलं की आधी तिथली घरं समजून घ्यावी लागतात.

इथले लोक मिनांगकबाऊ. सगळे मुसलमान, आणि आपल्या कोकणातल्या भावंडांसारखे शाफई मसलकाचे. तरी घराणं चालतं आईकडून. मूल आईच्या कुळाचं असतं. कुळाला ते 'सुकु' म्हणतात. वाडवडिलांची शेती आणि घर आईकडून मुलींकडे जातं. लग्नानंतर नवरी सासरी जात नाही, नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. तिथे त्याला मान असतो, पण पाहुण्याचा. कुळाच्या कारभारात त्याने लुडबुड करायची नसते. तो कारभार बघतो मामू. आपल्याकडे मामू म्हणजे लाड करणारा, खिशातून दहा रुपये काढून देणारा. तिथला मामू भाच्यांना वळण लावतो, त्यांच्या शिक्षणाची काळजी करतो, भाचीचं लग्न ठरवताना पुढे बसतो. कुळातल्या मामू लोकांचा जो मुखिया, त्याला 'दातुक' ही पदवी मिळते. म्हणजे मालकी बायकांची आणि देखरेख पुरुषांची. 'तिथे बायकांचं राज्य आहे' असं जे कुणी कुणी सांगतात, ते अर्धंच खरं आहे.

मिनांगकबाऊंचं पारंपरिक घर लाकडी, खांबांवर उभं, आणि छताची टोकं रेड्याच्या शिंगांसारखी वर वळलेली. त्याला 'रुमा गदांग' म्हणजे मोठं घर म्हणतात. आतल्या खोल्या घरच्या लेकींच्या. लग्न झालेल्या बहिणींना एकेक खोली मिळे, मुलग्यांना मात्र नाही! सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री 'सुराऊ'त झोपायला जायचा. सुराऊ म्हणजे छोटी मशीद, मदरसा आणि वसतिगृह असं सगळं एकत्र. तिथे कुरआन शिकायचं, 'सिलात' हा कुस्तीसारखा मर्दानी खेळ शिकायचा, मोठ्यांचं बोलणं ऐकायचं. मोठा झाला की गाव सोडून बाहेर कमवायला जायचं. या बाहेर पडण्याला 'मरांताऊ' असा खास शब्द आहे, आणि बाहेर न गेलेला तरुण कच्चा समजला जायचा. आता मुलं घरीच झोपतात, सुराऊची ती पद्धत जवळजवळ संपली. मरांताऊ मात्र जोरात चालू आहे.

भाषेबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्याला तिथे मजा वाटेल. गावाला ते 'नगरी' म्हणतात, हा आपलाच शब्द. मालमत्तेला 'हर्ता', तो संस्कृतातल्या 'अर्थ'वरून आला. रिवाजाला 'अदत', म्हणजे उर्दूतली 'आदत'. सल्लामसलतीला 'मुशावरा', म्हणजे आपला मशवरा. एकेका वाक्यात हिंदुस्तान आणि अरबस्तान शेजारी बसलेले दिसतात. धर्मही समुद्रमार्गेच पोहोचला. सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या उलाकानचे शेख बुरहानुद्दीन यांनी या भागात शत्तारी सिलसिला पसरवला. तो सिलसिला मदिनेत नेला होता गुजरातेतल्या भरूचच्या शेख सिबगतुल्लाह यांनी. तेव्हा धागा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. वाचकांच्या मनात तो आलाच असेल: कुरआनने वारशाचे हिस्से ठरवून दिलेत, मग जमीन फक्त मुलींकडे कशी?

हा प्रश्न तिथल्या उलेमांनीही विचारला, आणि फार कडक शब्दांत. 1803 मध्ये हजहून परतलेल्या तीन हाजींनी इस्लाहची चळवळ सुरू केली. तिला पाद्री चळवळ म्हणतात. पुढे रिवाजवाले आणि हे हाजी यांच्यात लढाई जुंपली, रिवाजवाल्यांनी डचांना बोलावलं, आणि 1837 मध्ये इमाम बोंजोल पकडले गेले तेव्हा दोन्ही बाजूंनी मुलूख गमावला होता. याच आगम मुलखातले शेख अहमद खतीब मक्केत स्थायिक झाले आणि मस्जिद-ए-हराममध्ये शाफई इमाम झाले. मुहम्मदिया संघटनेचे संस्थापक अहमद दहलान आणि नहदतुल उलमाचे हाशिम अशअरी हे दोघेही त्यांचे शागिर्द. शेखसाहेबांचं म्हणणं साफ होतं: भाच्यांकडे जाणारी ही मीरास म्हणजे दुसऱ्याचा हक्क मारणं. त्यावर त्यांनी किताब लिहिली.

त्यांचेच एक शागिर्द हाजी रसूल, म्हणजे प्रसिद्ध आलिम आणि लेखक हमका यांचे वालिद. त्यांनी वेगळी वाट काढली. ते म्हणाले, पूर्वजांची ही जमीन कोणा एकाच्या मालकीचीच नाही. ती विकता येत नाही, तोडून देता येत नाही, फक्त वापरता येते. म्हणजे तिची सूरत वक्फसारखी आहे. जो तिचा मालकच नव्हता, त्याच्या मरणाने तिचे हिस्से कसे पडतील? माणसाने स्वतःच्या मेहनतीने जे कमावलं, त्याचे हिस्से मात्र शरीयतप्रमाणेच पडले पाहिजेत.

शेवटी 1952 मध्ये बुकितिंग्गीत कुळांचे मुखिया, उलेमा आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि हाच तोडगा मान्य झाला. वाडवडिलांची मालमत्ता रिवाजाने, कमाईची मालमत्ता फराइजने. गंमत अशी की आपल्याच देशात लक्षद्वीपच्या मुसलमानांत हुबेहूब असंच आहे. तिथे आईकडून येणाऱ्या घराण्याच्या मालमत्तेला 'शुक्रवारची' आणि स्वतःच्या कमाईला 'सोमवारची' मालमत्ता म्हणतात.

पूर्वजांची जमीन गहाण टाकायलाही रिवाजात चारच कारणं चालतात. घरात मय्यत आहे आणि कफनदफनाला पैसा नाही. मुलगी मोठी झाली आणि लग्नाचा खर्च पेलत नाही. मोठं घर गळायला लागलं. किंवा कुळाच्या मुखियाची रिकामी गादी भरायची आहे. मुलाच्या धंद्यासाठी, गाडी घेण्यासाठी जमीन गहाण? नाही. प्रत्यक्षात जमिनी विकल्या जातात, मामू-भाच्यांचे खटले कोर्टात जातात, हेही खरं आहे. पण रिवाज काय सांगतो ते लहान पोरालाही पाठ असतं.

हे लिहिताना आम्हाला आपल्याकडची तहसील कचेरी आठवल्याशिवाय राहत नाही. फराइजमध्ये मुलीचा हिस्सा पक्का लिहिलेला आहे, यावर आपल्यात कुणाचं दुमत नाही. तरी अब्बांच्या इंतकालनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं चढतात, आणि बहिणीने सही केली नाही तर माहेर तुटतं. मिनांगकबाऊंची रीत चूक की बरोबर, ते उलेमांनी सांगावं. पण त्यांचा वाद निदान या दिशेचा होता की मुलीकडे जास्त जातंय का. आपल्याकडे तर मुलीचा ठरलेला हिस्साही तिच्या हाती पडत नाही.

परत कोतो गदांगकडे येऊ. या गावाची शेती मुळात तोकडी. म्हणून पुरुष सोनार-चांदीचं काम करायचे, आणि चांदीची बारीक तारेची नक्षी ही आजही गावाची ओळख आहे. 1847 पासून डचांनी या मुलखात सक्तीने कॉफी पिकवायला लावली. कॉफीच्या गोदामांवर हिशेब लिहिणारे कारकून हवे झाले. आसपासच्या गावांनी तोंड फिरवलं, पण कोतो गदांगच्या लोकांनी ओळखलं की लिहिता-वाचता येणं हीच आपली शेती. 1856 मध्ये डचांनी बुकितिंग्गीत शिक्षक घडवणारी शाळा काढली, त्या काळचं बी.एड. कॉलेजच म्हणा. दरीपलीकडून या गावची मुलं तिथे शिकायला लागली. पुढे गावाने स्वतःचा शिक्षण फंड उभा केला. बाहेर कमावणारे त्यात पैसे घालायचे आणि हुशार मुलांना शिकायला मदत मिळायची. बटाव्हियाच्या मेडिकल शाळेत या गावची मुलं एकामागून एक गेली.

अगुस सलीम यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1884 चा. बटाव्हियाच्या हायस्कूलमधून ते पहिल्या नंबराने पास झाले, पण हॉलंडला डॉक्टरकी शिकायला सरकारने शिष्यवृत्ती दिली नाही. त्या वेळी जावा बेटावरच्या कार्तिनी या तरुणीने, जिला स्वतःला मिळालेली शिष्यवृत्ती वापरता येत नव्हती, सरकारला लिहिलं की माझे पैसे या सुमात्राच्या मुलाला द्या. दोघांची भेट नव्हती, ओळख नव्हती. सरकारने ऐकलं नाही. सलीम 1906 मध्ये जेद्दाच्या डच कचेरीत नोकरीला गेले आणि तिथे असताना मक्केत आपले नातेवाईक शेख अहमद खतीब यांच्याकडे दीन शिकले. ज्यांनी गावच्या रिवाजावर टीका केली, त्यांच्याच पायाशी गावचा पोरगा शिकला! परतल्यावर ते सरेकत इस्लामचे मोठे नेते झाले. मार्च 1947 मध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली, तिला ते आले होते. तिथून पुढे कैरोला जाऊन त्यांनी इजिप्तशी मैत्रीचा करार केला. नव्या इंडोनेशियासाठी तो फार मोलाचा ठरला.

त्याच 1884 सालच्या डिसेंबरात रोहाना जन्मल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत, वालिदांनी घरीच शिकवलं. लहान वयापासून शेजारच्या मुलींना गोळा करून वाचायला शिकवू लागल्या. 11 फेब्रुवारी 1911 ला त्यांनी गावात 'अमाई सतिया' ही संस्था काढली. तिथे अरबी आणि रोमन दोन्ही लिपींत वाचन, हिशेब, दीनी तालीम, शिवण आणि भरतकाम शिकवलं जायचं. बायकांनी केलेल्या कशिद्याला संस्थेमार्फत गिऱ्हाईक मिळायचं, म्हणजे शिकता शिकता हातात पैसा. पुढच्याच वर्षी, जुलै 1912 मध्ये, पाडांग शहरातून 'सुंतिंग मलायू' हे बायकांचं वृत्तपत्र सुरू झालं, त्याच्या त्या संपादक. सोपं नव्हतं. जमीन मुलीच्या नावावर असणाऱ्या त्या गावातही मुलीने शिकून काय करायचं, असं म्हणणारे होतेच. पैशांच्या गैरव्यवहाराचा आरोप झाला, मामला कोर्टात गेला, त्या निर्दोष सुटल्या. 1916 मध्ये गाव सोडून बुकितिंग्गीत त्यांनी स्वतःच्या नावाची शाळा काढली. 2019 मध्ये इंडोनेशियाने त्यांना राष्ट्रीय वीराचा किताब दिला. त्यांचे शौहर अब्दुल कुद्दूस, म्हणून त्या रोहाना कुद्दूस. पंतप्रधान शहरीर हे त्यांचे सावत्र भाऊ. वालिद एकच, वालिदा वेगळ्या. आणि शहरीर यांच्या वालिदा दुसऱ्या मुलखातल्या. त्यामुळे मिनांगकबाऊ हिशेबाने रोहाना अस्सल कोतो गदांगच्या, आणि देशाचा पंतप्रधान मात्र गावचा नव्हे!

या गावची एक बाजू कडवीही होती. इथल्या मुलीने गावाबाहेरच्या पुरुषाशी लग्न करायचं नाही, असा जुना नियम होता, आणि तो मोडणारीला समाजाबाहेर काढत. मुलीला जमीन दिली, अक्षर दिलं, जोडीदार निवडायची मोकळीक मात्र दिली नाही. गावाची माणसं शहरोशहरी पसरली तसा तो नियम सैल पडला.

शिक्षणाची किंमत गावाने दुसऱ्या तऱ्हेने चुकवली. शिकलेले बाहेर गेले ते बाहेरच राहिले. आज गावात शिंगांच्या छताच्या घरांपेक्षा डच धाटणीचे जुने बंगले जास्त दिसतात. डॉक्टर, अधिकारी झालेल्यांनी बांधलेले. त्यातले बरेच वर्षभर कुलूपबंद असतात. मालकीण जकार्तात. ईदला मिनांगकबाऊ लोक गाड्यांचे ताफे करून गावी येतात, त्याला ते 'पुलांग बसामो' म्हणजे मिळून घरी जाणं म्हणतात. तेवढे दिवस खिडक्या उघडतात.

जायचं असेल तर पाडांग विमानतळावर उतरून रस्त्याने बुकितिंग्गी गाठावं. पाडांगपासून हे अंतर साधारण 90 किलोमीटर. शहरातून दरीत उतरून पलीकडे चढणारी पायऱ्यांची वाट 2013 मध्ये खुली झाली. चढ दमवणारा आहे, गुडघे दुखत असतील तर गाडीने जावं. अमाई सतियाच्या इमारतीत आजही कशिदा आणि चांदीचं काम बघायला आणि विकत घ्यायला मिळतं. कोतो गदांगची शाल तिथल्या नवरीच्या डोक्यावर असते. खाण्याची फिकीर नको, सगळं हलाल. हिरव्या मिरचीतलं बदक ही गावची खासियत. तिखट आहे, आपल्या कोल्हापूरकरांनाही पाणी मागावं लागेल.