पाहुणा की प्रजा? ऑटोमन साम्राज्यातला परदेशी व्यापारी

१५८० साली सुलतान तिसरा मुराद याने इंग्रज व्यापाऱ्यांना अहदनामा दिला. आता प्रश्न असा, की अलेप्पोच्या बाजारात लोकरी कापड विकणारा इंग्रज कायद्याच्या नजरेत नेमका कोण?

ऑटोमन राज्य हनफी फिक्ह मानायचं. त्यात गैरमुस्लिमांचे ढोबळ तीन वर्ग होते. राज्यात राहून जिझिया भरणारा तो जिम्मी. राज्याबाहेरचा, ज्याच्याशी कसलाही करार नाही, तो हरबी. आणि अमान म्हणजे अभय घेऊन काही काळासाठी आलेला तो मुस्तामिन. मराठी कागदपत्रांतला 'कौल' आठवा, म्हणजे अमानची कल्पना येईल. मुस्तामिनाचा जीव आणि माल सुरक्षित, वर जिझिया माफ. पण एक मेख होती. फिक्हच्या नियमानुसार वर्षभर राहिला की तो जिम्मी ठरतो, आणि मग जिझिया भरावा लागतो.

व्यापार काही वर्षभरात आटपत नाही. उधारी, वसुली, पुढच्या जहाजाची वाट, यात वर्षं जातात. मग तोडगा काय? इंग्रजांना मिळालेल्या अहदनाम्यात कलमच होतं: इथे राहणारा इंग्रज विवाहित असो वा अविवाहित, त्याच्याकडून खराज (इथे अर्थ जिझियाच) मागू नये. म्हणजे फिक्ह एक सांगतं आणि सुलतानाचं वचन दुसरं. व्यापाऱ्याचा दर्जा या दोघांच्या मध्ये कुठेतरी ठरायचा.

बाकीची कलमंही बघण्यासारखी आहेत. एकाचं कर्ज दुसऱ्याकडून वसूल करायचं नाही. आपापसातले तंटे राजदूत किंवा वकील (कॉन्सल) मिटवणार. स्थानिक मुसलमानाशी वाद झाला तर काझीपुढे जायचं, पण दुभाषा हजर हवा. ४००० अक्चेंपेक्षा मोठा दावा असेल तर तो इस्तंबूलच्या दिवाणाकडे. आणि काझीच्या दफ्तरात नोंद किंवा हुज्जत (लेखी दाखला) नसेल, तर परदेशी व्यापाऱ्यावरचा दावा ऐकायचा नाही. त्यामुळे काझीची कचेरी टाळण्याऐवजी युरोपीय व्यापारी स्वतःहून तिथे व्यवहार नोंदवताना दिसतात.

आता संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचं. युरोपीय भाषांत या अहदनाम्यांना 'कॅपिट्युलेशन' म्हणतात. शब्द ऐकला की शरणागती डोळ्यांपुढे येते, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त 'कलमं' किंवा 'प्रकरणं'. १८३८ च्या बाल्टा लिमान करारानंतर परकीयांच्या सवलती राज्याला जाचक झाल्या, १९१४ मध्ये सरकारने त्या रद्द केल्या आणि १९२३ च्या लोझान तहात त्यावर शिक्कामोर्तब झालं, हे खरं. पण तो दुबळेपणा मागे नेऊन १५८० वर चिकटवणं चूक आहे. तेव्हा सुलतानाला इंग्रजांकडचं कथील आणि शिसं हवं होतं, स्पेनविरुद्ध एक मित्रही हवा होता. देणारा तो होता, अटीही त्याच्याच. मैत्री मोडली तर अमान काढून घ्यायचा अधिकारही त्याचाच.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना 'कायदेशीर दर्जा' असा शब्द वापरणार असाल, तर आधी ठरवा: कुठल्या साधनातला दर्जा? फिक्हच्या ग्रंथात नियम सापडतो, अहदनाम्यात वचन, आणि काझीच्या दफ्तरात प्रत्यक्ष व्यवहार. यातलं एकच वाचून थांबलात, तर व्यापारी एक तर कायम उपरा दिसेल, नाहीतर कायम लाडावलेला पाहुणा.