दहा आकड्यांचं घड्याळ : 'मेट्रोपोलिस'मधली सत्ता आणि विषमता

भयावह भविष्यकाळाचे चित्रपट आज पुष्कळ निघतात. त्या सगळ्यांचा पूर्वज शोधायला गेलं, तर आपण एका जर्मन मूकपटापाशी पोचतो : फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस'. १० जानेवारी १९२७ रोजी तो बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. पटकथा त्यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बो यांची. (याच बाईंनी पुढे आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

मालक उंच मनोऱ्यात राहतो, कामगार जमिनीखाली. मूकपटाकडे संवाद नसतो, म्हणून ही विषमता चौकटीतूनच सांगावी लागते. पाळी बदलते तो प्रसंग बघा. एक रांग कामाला निघालीय, दुसरी परततेय. माना खाली, कपडे एकसारखे, पावलं तालात. परतणाऱ्यांची चाल तर अधिकच मंद. एकाचाही चेहरा नीट दिसत नाही. वरच्या बागेत मात्र मालकाचा मुलगा फ्रेडर मोकळा पळतो, आणि कॅमेरा त्याचा चेहरा जवळून टिपतो. चेहरा कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, इथेच सत्ता कळते. एका कामगाराच्या टोपीवर तर नुसता आकडा आहे : ११८११.

आता घड्याळ. या शहरात पाळीचं घड्याळ बारा आकड्यांचं नाही, दहाचं आहे. फ्रेडर त्या कामगाराच्या जागी उभा राहतो, यंत्राचे काटे दोन्ही हातांनी ओढत राहतो, आणि त्या तबकडीवरच दहा तासांचं घड्याळ उमटतं. हात ताणलेले, जणू क्रुसावर चढवलाय.

हे आकाशातून पडलेलं नाही. १९१८च्या क्रांतीनंतर जर्मन कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला होता. डिसेंबर १९२३च्या सरकारी आदेशाने दहा तासांपर्यंत काम घेण्याची वाट मोकळी झाली. लांग यांच्या मनात नेमकं तेच होतं का, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण १९२७च्या बर्लिनमधल्या प्रेक्षकाला दहाचा आकडा परका वाटला नसेल.

आणि शेवट? चर्चच्या दारात फ्रेडर मध्ये उभा राहून मालकाचा आणि मुकादमाचा हात जुळवून देतो. डोकं आणि हात यांना हृदयाने जोडावं, असा उपदेश. लांग यांनाही पुढे हा शेवट पटेनासा झाला. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो : तास कमी झाले का? त्याबद्दल चित्रपट गप्प आहे. आणि समेटासाठी कामगार येतात कसे, तेही बघा. पुन्हा रांगेत, आखीव त्रिकोण करून! उपदेश समतेचा असला, तरी चौकट जुनीच राहते.

माणसांची अशी भौमितिक रचना फार मोहक दिसते, आणि धोका तिथेच आहे. १९३५ साली लेनी रीफेनश्टाल यांच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरच्या चित्रपटात अशाच आखीव रांगा आल्या, पण त्या गौरवासाठी. तंत्र जवळपास तेच राहिलं, हेतू मात्र उलटा झाला.

म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर गर्दी दिसली की एवढंच विचारा : यातल्या कुणाला चेहरा दिलाय, आणि कुणी दिलाय?