नोंदवही, कंटेनर आणि मानपाड्याचा रस्ता

मुंबईच्या गोदी कामगारांचा इतिहास बहुधा संपांच्या तारखांनी सांगितला जातो. मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती एक नोंदवही.

तिच्याआधी टोळीवाल्याचे राज्य होते. जहाज धक्क्याला लागले की तो माणसे निवडी. ज्याच्याशी सख्य, त्याला पाळी. बाकीचे रिकाम्या हाताने घरी. 1948चा गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा आणि त्याखालची मुंबईची 1951ची योजना यांनी हे मोडले. सरकार, मालक आणि कामगार यांच्या मंडळाकडे नावे नोंदली गेली, काम आळीपाळीने मिळू लागले. हजर राहूनही काम नसेल, तर हजेरीचे पैसे मिळत. पी. डिमेलो (गोदीबाहेरच्या रस्त्याला नाव आहे तेच) यांच्या संघटनेला या वहीने मोठे बळ दिले. महाराष्ट्राचा 1969चा माथाडी कायदाही याच वळणाचा.

पण वहीचा सारा हिशेब हातांचा होता. गोणी, गाठी, खोकी आकड्याने ओढायची, रचायची, यारीला लावायची. एक टोळी जहाजाच्या पोटात, दुसरी धक्क्यावर. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले आणि टोळीची गरजच संपत चालली. माल कारखान्यातच पेटीबंद होऊ लागला. बंदरात उरले उचलणे आणि ठेवणे.

प्रिन्सेस (1880), व्हिक्टोरिया (1888) या गोद्यांच्या पाठीला शहर. पेट्या रचायला जागा कुठून? 26 मे 1989 रोजी न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. त्याच जुलैत ब्रिटनने आपली गोदी कामगार योजना एका फटक्यात रद्द केली. इथे सारे सावकाश झाले. 1997च्या कायद्याने गोदी मंडळे मोठ्या बंदरांत विलीन करण्याची वाट मोकळी केली. जुन्यांची नोकरी टिकली. नव्या नावासाठी वहीच उरली नाही.

काम संपले, हे मात्र मला पटत नाही. ते रस्त्यावर आले. न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारे ट्रेलर घोडबंदर रस्त्याने, आमच्या मानपाड्यावरून जातात. पेटी भरणारा, ओढणारा, रिकामी करणारा, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. चालक केबिनमध्ये बसून राहतो. अनेकांना पैसे मिळतात ते फेरीचे. अशा थांबण्याला गोदीत हजेरी म्हणत.